मुन्शीजींची मोहलत

शहागंजातल्या त्या माडीवर मी पहिल्यांदा चढलो तेव्हा खाली रस्त्यावर जून लागला होता आणि वर मुन्शीजींच्या खोलीत अजून अकरा फेब्रुवारी चालू होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. म्हातारा विसरला असेल म्हणून मी आपलं मदत करायला हात घातला.

"हात काढा," मुन्शीजी मान वर न करता म्हणाले. "त्या दिवसाचं काम राहिलंय."

"अहो, पण तो दिवस गेला की."

"तुमच्याकडनं गेला असेल. माझ्याकडनं नाही गेला. काम झाल्याशिवाय मी दिवसाला जाऊ देत नाही."

मी जुन्या दारं-चौकटींचा व्यापारी. पाडलेल्या घरांचं सागवान घ्यायचं, घासून-पुसून विकायचं. वैजापूरच्या बाजारात कांद्याची पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि जुन्या मोंढ्याजवळ स्वतःची वखार टाकली ती फक्त जिभेच्या जोरावर. समोरचा माणूस खोलीत शिरताना त्याची चप्पल बघून मी त्याचा शेवटचा भाव सांगतो. एवढ्या आयुष्यात मला एकाच माणसानं गंडवलं, आणि तो माणूस म्हणजे अकरा फेब्रुवारीत बसलेला हा म्हातारा. त्याचं मला अजून दुःख आहे. लोक म्हणतात, सोडून द्या रंगनाथशेठ. का सोडू?

गोविंदराव मुन्शी हे निजामाच्या काळात शिकलेले. तेव्हा आमच्या भागात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, जमिनीचे कागद उर्दू. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पुढं सगळं मराठीत आलं, पण जुने कागद काही आपणहून मराठी झाले नाहीत. ते लोकांच्या ट्रंकांत तसेच राहिले. मग कुणाला वाटणी करायची असली, कुणाला कोर्टात जायचं असलं, की तो कागद घेऊन मुन्शीजींकडं यायचा. मुन्शीजी तहसील कचेरीतून रेकॉर्ड कारकून म्हणून निवृत्त झालेले. मोडक्या अक्षरातली, वाळवीनं खाल्लेली उर्दू त्यांच्याइतकी वाचणारा शहरात दुसरा नव्हता. आणि त्यांच्याइतकी उशिरा वाचणारा तर साऱ्या मराठवाड्यात नव्हता.

माझ्या हातात माझ्या वडिलांच्या नावाचा असाच एक कागद होता. आई गेल्यावर तिच्या पेटीत सापडलेला. प्रकरण असं होतं: करमाडला आमची जमीन. वडील आणि चुलते असे दोघे भाऊ. वडिलांनी आयुष्यभर घरात एकच सांगितलं, की भावानं माझा हिस्सा दाबला. मी ते ऐकत मोठा झालो. आता त्या जमिनीवर चुलतभाऊ नामदेव नांगर धरून होता, आणि शेंद्र्याकडं कारखाने येणार म्हणून जालना रोडच्या जमिनींना एकदम भाव आला होता. मला जमिनीच्या पैशाचं पडलं नव्हतं, माझी वखार जोरात होती. मला नामदेवाला त्या बांधावरून उतरताना बघायचं होतं. कागदाचं मराठी झालं की काम फत्ते.

मी तो कागद मुन्शीजींच्या बैठ्या मेजावर ठेवला आणि म्हणालो, "याचं मराठी करून द्या. मग मी करमाडच्या पारावर सगळं गाव बोलावतो आणि नाम्याच्या तोंडावर वाचून दाखवतो."

त्यांनी चष्मा चढवला. खालून चहा मागवला. चहा येईपर्यंत कागदावरून बोट फिरवलं, आणि चहा आल्यावर कागदाची घडी घालून ती एका जाड पुस्तकाखाली सरकवली.

"मोहलत द्या," ते म्हणाले.

"किती?"

"ते कागदावर आहे. घाई तुम्हाला आहे, कागदाला नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक चिडलं की ते त्याला बसवून घेत आणि उशिराचं शास्त्र शिकवत. मला ते इतक्यांदा शिकवलंय की झोपेत म्हणून दाखवीन. त्यांच्या मते उशीर करणाऱ्यांच्या जाती वेगवेगळ्या. चालढकल करतो तो कामाला भितो. टाळाटाळ करतो तो माणसाला भितो. दिरंगाई ही फक्त सरकारनं करायची, तिला शिक्का लागतो. "आणि मी करतो ती मोहलत," ते बोट वर करून सांगत. "कामाला पिकायला दिलेला वेळ. आंबा काय तुम्ही झाडाला शिव्या देऊन पिकवता?"

"मी आढीत घालतो," मी म्हणालो.

"मग तेच. पुस्तकाखाली घातलाय ना."

पत्र लिहायचं झालं तर पहिली ओळ 'उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी' अशी लिहून ठेवत आणि मग आठ-पंधरा दिवस पुढची ओळच लिहीत नसत. मी विचारलं, अहो, पत्र तर कालच आलंय, विलंब कुठं झाला? म्हणाले, "होणार आहे. आधीच माफी मागितलेली बरी. मग माणूस मोकळ्या मनानं उशीर करतो." सदऱ्याचं दुसरं बटण तुटलेलं होतं आणि नवीन बटण खिशात होतं. ते खिशातलं बटण मी अकरा महिने बघितलं.

आता मी काही ऐकून घेणारा माणूस नाही. आळशाला कामाला लावायचे उपाय मला येतात, सुतार आणि रंगारी यांच्याशी रोजचा संबंध. पहिला उपाय, डोक्यावर बसणे. मी आठ दिवस वखार सोडून त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. त्यांना फार आवडलं. बोलायला माणूस मिळाला. त्यांनी मला पतंगाचा मांजा कसा करायचा ते सांगितलं, जुन्या कचेरीतल्या गमती सांगितल्या. आठव्या दिवशी मीच विचारलं, मग त्या साहेबाचं पुढं काय झालं? तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठ दिवसांत कागदाचा विषय निघालेलाच नाही.

दुसरा उपाय, काम सोपं करून देणे. मी म्हणालो, रोज एकच ओळ करा. ते म्हणाले, "एक ओळ करायला बसलो की दुसरी वाचावीशी वाटते. मग तिसरी. नको, संयम पाहिजे."

तिसरा उपाय माझा हुकमी. भाव जमत नसला की दुकानातून उठायचं आणि चालायला लागायचं. पाठीमागून हाक येतेच. तीस वर्षांत चुकली नाही. मी उठलो, म्हणालो, "ठीक आहे मुन्शीजी, तुमच्यानं होत नाही, मी दुसरीकडं बघतो," आणि जिना उतरू लागलो. हळूहळू उतरलो. अर्ध्या जिन्यात चप्पल नीट केली. खाली येऊन पानाच्या ठेल्यापाशी उभा राहिलो. हाक आली नाही. मग लक्षात आलं की कागद वरच राहिलाय. परत जिना चढलो तर मुन्शीजी म्हणाले, "चहा सांगूनच ठेवलाय. बसा."

हे एवढंच असतं तर मी त्यांना आळशी म्हणून सोडलं असतं. पण ते शंका काढायचे. शंका काढून मला पळवायचे.

पहिली शंका पावसाळ्यात. "कागदात पूर्वेला चिंचेचं झाड लिहिलंय. ते आहे का अजून? बघून या. झाड नसताना झाड लिहिलं तर उद्या कोर्टात फजिती." आता मूळ कागदात जे आहे ते मराठीत लिहायचं, झाडाशी काय संबंध? पण मी रागात होतो आणि रागात माणूस हिशोब करत नाही. टेम्पो काढला आणि करमाडला गेलो. चिंच नामदेवाच्या अंगणात. मी बांधावरूनच बघून निघणार होतो, पण चुलतीनं बघितलं. पंच्याहत्तरीची बाई, कमरेतनं वाकलेली.

"रंग्या हाय का रं तू? कामून तिथं उभा? चोर हायस का, ये की इकडं."

"काम आहे काकू. झाड बघायला आलोय."

"झाड बघ की. झाडाला काय पैसं पडत्यात व्हय? पाणी पी आधी."

पाणी प्यालो. वीस वर्षांनी. नामदेव गोठ्यातून आला, मला बघून थांबला, म्हणाला, "बरंय का दादा?" मी "हं" म्हणालो आणि निघालो.

दुसरी शंका दिवाळीनंतर. "गवाह चार आहेत. त्यातलं कोण हयात आहे?" हे सांगणार कोण? चुलती. परत करमाड. त्या दिवशी तिनं चारही माणसांची कुळं सांगितली, कोण कशानं गेला, कुणाची सून कशी निघाली. तोवर भाकरी झाली होती. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "कोर्टात जायाचं तर जा की, उपाशी कामून जातूस?"

तिसरी शंका तर कळस होती. "विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं?"

"मुन्शीजी, मराठी तर्जुम्यात विहिरीचं पाणी कुठं येतं?"

"येत नाही. पण माहीत असलेलं बरं. शब्द निवडताना उपयोग होतो."

आणि मी गेलो. मी, ज्यानं कंत्राटदारांना घाम फोडलाय, तो विहिरीचं पाणी बघायला गेलो. हुरड्याचे दिवस होते. नामदेवानं आगटी पेटवली, गरम कणसं हातावर चोळून दाणे माझ्यासमोर ठेवले. हुरडा खाताना बोलायची गरज पडत नाही, तोंड भरलेलं असतं. निघताना मी त्याच्या घराचं दार बघितलं. खालची फळी कुजलेली, कडी तारेनं बांधलेली. असलं दार बघून माझं डोकं उठतं.

"हे काय दार आहे का रे?"

"चालतंय दादा."

"चालतंय काय? कुत्रं आत येईल."

"येतंय कवा कवा. आई त्याला भाकर टाकती."

पुढच्या खेपेला मी वखारीतलं एक सागवानी दार, चौकटीसकट, टेम्पोत घालून नेलं. नामदेव भाव विचारू लागला. मी म्हणालो, तू सांग. तो म्हणाला, तू सांग दादा, माल तुझा. असं अर्धा तास चाललं, आणि शेवटी मी भाव न सांगताच दार बसवून आलो. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. परत येताना मी टेम्पोत एकटाच स्वतःला शिव्या देत होतो. दार फुकट गेलं त्याच्या नाही, समोरच्यानं आधी भाव बोलायचा हा माझा नियम नामदेवानं माझ्यावरच चालवला त्याच्या.

मे महिन्यात एक दिवस मुन्शीजींचा निरोप आला. काम झालंय.

मी गेलो. चार पानं, सुवाच्य मराठी, एक खाडाखोड नाही. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो आणि दुसऱ्या पानावर खाली बसलो. तो बैनामा होता, म्हणजे विक्रीचा कागद. माझ्या वडिलांनी आपला हिस्सा आपल्या भावाला विकला होता. राजीखुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय. शहरात टांगा घ्यायचा म्हणून. तो टांगा मला अंधुक आठवतो, घोडा दोन वर्षांत मेला. बाकी जे आयुष्यभर ऐकलं होतं ते कागदात कुठंच नव्हतं.

मी चारही पानं परत पहिल्यापासून वाचली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याबरोबर राग चढला.

"मुन्शीजी, हे तुम्ही कधी वाचलं?"

"पहिल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी कधी?"

"चहा यायच्या आत."

"आणि चिंच? गवाह? विहिरीचं पाणी?"

"विहिरीचं जरा जास्त झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही गेलात."

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. खालच्या पानवाल्यानं वर येऊन बघितलं. तुम्ही मला खेळवलं, मी म्हणालो, गिऱ्हाईक म्हणून आलो, कागद माझा, बाप माझा, वाचून दाखवायचं तुमचं काम, ते सोडून शहाणपणा सांगितलाच कुणी? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी कागद फाडून घरी गेलो असतो. संपलं असतं.

"तेच," मुन्शीजी म्हणाले. "संपलं असतं. परत करमाडला गेला असता तुम्ही?"

मी गेलो नसतो. लाजेनंच गेलो नसतो. हे मला कळत होतं आणि म्हणून मी आणखी ओरडत होतो. चुलतीला हे सगळं ठाऊक होतं. नामदेवालाही होतं. एकदा भर बसस्टँडवर मी त्याला चोर म्हणालो होतो, तेव्हाही त्यानं माझ्या बापाचं नाव काढलं नव्हतं.

माझा आवाज बसल्यावर मुन्शीजी बोलले. सावकाश, नेहमीसारखंच, पण माझ्याकडं न बघता.

"मी कचेरीत सगळ्यात जलद होतो, शेठ. माझ्याइतकं जलद वाचणारा जिल्ह्यात नव्हता. वडील वारले. दहाव्याला सगळे पाहुणे बसलेले. कुणीतरी पेटीतनं कागद काढला, म्हणालं, गोविंदा, वाच. वाचला. एका दमात. घर माझ्या नावावर निघालं. कागद खरा होता, वाचनात चूक नव्हती. पाहुण्यांनी वाहवा केली. धाकटा तिथंच बसला होता, मुंडण केलेला. त्याला चार दिवस दिले असते, एकट्याला बोलावून सांगितलं असतं... तो तेराव्यालाच सिल्लोडला गेला. सासरवाडीला. परत आला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी जाणार आहे."

"किती वर्षं झाली?"

त्यांनी मेजावरचा टाक उचलून पुन्हा ठेवला.

"मुन्शीजी," मी म्हणालो, "ही मोहलत नाही. तुमच्याच शास्त्रात हिला टाळाटाळ म्हणतात."

शास्त्र शिकवायला त्यांचं बोट काही वर आलं नाही आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. अकरा महिन्यांनी माझ्या हातात तराजू आला होता.

"उठा. टेम्पो खाली आहे."

"आत्ता? ऊन आहे."

"असू द्या."

"धोतर मळलंय."

"भावाकडं चाललाय, लग्नाला नाही."

"मी आधी एक पत्र टाकतो. पहिली ओळ लिहिलेली आहे."

"मला माहीत आहे पहिली ओळ," मी म्हणालो आणि त्यांच्या चपला उचलून जिना उतरलो. माणसाला उठवायचे शंभर उपाय करून बघितलेत मी, पण एवढा खात्रीचा दुसरा नाही. चपला गेल्या की माणूस मागं येतो. आला.

हर्सूलच्या नाक्यापर्यंत ते मला थांबवायची कारणं सांगत होते. फुलंब्रीला पाणी प्यायचं म्हणाले. मी थांबलो नाही. सिल्लोड जवळ आलं तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "शेठ, तो नाही म्हणाला तर?" मी म्हणालो, "तर मी भांडीन. मला सवय आहे." पण समोरच्याची चप्पल बघून भाव सांगतो मी, या सौद्याचा काही अंदाज येईना.

घर शोधायला वेळ लागला नाही. दारात एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मुन्शीजी टेम्पोतून उतरले आणि दहा पावलांवर उभे राहिले. पुढं जाईनात. बाजेवरच्या माणसानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. आतून त्यांची बायको आली, तिनं ओळखलं, पदर सावरला आणि माझ्याकडं बघून, जणू माझीच चूक असल्यासारखी म्हणाली, "आमचे हे पण सहा वर्षं तुमच्याकडं निघायचं म्हणून राहिलेत. खुंटीला पिशवी भरून टांगलीय. रोज म्हणतात, सोमवारी जातो."

बाजेवर जागा झाली. मुन्शीजी जाऊन बसले. दोघांच्या मध्ये शेंगांचं सूप होतं. मी तिथंच उभा राहिलो, कारण सौदा अर्ध्यावर सोडून जायची मला सवय नाही. मग धाकट्यानं चार दाणे काढून मोठ्याच्या हातावर ठेवले.

"चष्मा नवा वाटतो," तो म्हणाला.

"नवाच आहे," मुन्शीजी म्हणाले. "चौदा वर्षं झाली."